पाच नंबरचा चोर आणि आमचे सर

आमच्या सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मला दिसलेच नव्हते. परळला एका जुन्या कॉलेजच्या मागच्या इमारतीत मुलाखतीला गेले होते. मानसशास्त्राच्या एका संशोधनासाठी सहायक हवी होती. खाली बाकावर एक गृहस्थ पेपर वाचत बसले होते. त्यांना विचारलं, "तिसऱ्या मजल्यावर कुठून जायचं?" त्यांनी जिना दाखवला. मी वर जाऊन बसले. पाचेक मिनिटांनी सर आले, माझे कागद उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "तुला जिना कोणी दाखवला?"

"खाली एक काका बसले होते."

"कसे होते दिसायला?"

मी सांगितलं, जाडसर होते, सावळे होते, मिशी होती. मिशीचं तर अगदी ठासून सांगितलं.

सर किडकिडीत. मिशीचा पत्ता नाही. "तो मी होतो," ते म्हणाले. "सोमवारपासून ये."

मला का घेतलं हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, उगाच फेरविचार करायला लावायची सवय मला नाही. त्या सोमवारपासून पुढचं दीड वर्ष मी ज्या माणसाच्या हाताखाली काढलं त्याचा या जगात कशावरच विश्वास नव्हता. कुलपावर नव्हता, कॅलेंडरवर नव्हता, डॉक्टरांच्या रिपोर्टवर तर नव्हताच. कॅन्टीनच्या चहात साखर कमी आहे असं म्हटलं तर विचारायचे, "कालच्या चहापेक्षा कमी, की तुझ्या अपेक्षेपेक्षा?" असं दोनदा झालं की माणूस मुकाट्याने फिका चहा पितो. आज मंगळवार आहे म्हटलं तरी "कशावरून?" यायचंच.

दुपारी डबा उघडला की ते घरी फोन लावत. "आज डब्यात काय घातलंयस?"

पलीकडून बाईंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा, आवाज आम्हालाही ऐकू येई. "उघडून बघा ना."

"बघितलंय. तुला आठवतंय का, ते विचारतोय."

मग पलीकडे फोन आपटल्याचा आवाज. बाईंना मी कधी भेटले नाही, पण त्यांच्याबद्दल मला फार आदर होता.

माझ्या टेबलाच्या खणात भरलेल्या फॉर्मची पाकिटं असत. पाकीट बंद केलं की त्याच्या जोडावर सर आडवी सही करत, म्हणजे कोणी उघडलं तर कळावं. एकदा सकाळी बघते तर एक पाकीट उघडून पुन्हा चिकटवलेलं. सही अर्धी इकडे, अर्धी तिकडे. धावत त्यांच्याकडे गेले.

"मीच उघडलं," सर म्हणाले.

"मग परत चिकटवलं कशाला?"

"तू बघतेस का, ते बघायला."

अशा माणसाचा राग करावा की त्याच्याकडे काम शिकावं हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. बहुतेक दिवशी मी दोन्ही करत असे.

काम काय होतं ते सांगायला हवं. गुन्हा घडतो, कोणीतरी तो पाहतं, मग पोलीस ओळख परेड घेतात. संशयिताला चार लोकांत उभं करतात किंवा त्याचा फोटो चार फोटोंत ठेवतात आणि साक्षीदाराला विचारतात, यातला कोण? साक्षीदार बोट दाखवतो आणि तिथे एका माणसाचं आयुष्य ठरून जातं. त्या बोटावर किती भरवसा ठेवावा, हा सरांचा विषय. मोठा अभ्यास मंजूर व्हायच्या आधी एक छोटा करून दाखवायचा होता. त्याला पायलट म्हणतात. नाटकाची रंगीत तालीम असते तसं.

त्यासाठी आम्ही भायखळ्याच्या भाजीबाजारात दोन मिनिटांची एक फिल्म काढली. एक बाई कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी हुज्जत घालतेय, शेजारचा माणूस सहज खाली वाकतो, तिची पिशवी उचलतो आणि निघून जातो. चोराचं काम डेरिकच्या एका मित्राने केलं. डेरिक म्हणजे माझ्याबरोबरचा दुसरा सहायक, माझगावचा. शूटिंगला आम्ही दोघंही हजर, त्यामुळे चोर कोण ते दोघांनाही माहीत. सरांना हे खटकत होतं. फोटो दाखवणाऱ्याला चोर माहीत नसावा, असं ते म्हणत. पण तिसरं माणूस मिळेना. शेवटी त्यांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं आणि बजावलं, "कागदावर लिहिलंय तेवढंच वाचायचं. जास्तीचा एक शब्द नाही. चेहऱ्यावरची माशी हलता कामा नये."

"नाही हलणार सर," मी म्हटलं.

मग सहा फोटोंची ओळ जमवायची होती. एक चोर, पाच नंबरवर, आणि त्याच्या वयाची, त्याच्या अंगलटीची पाच साधी माणसं. सरांनी कुठून कुठून फोटो आणले होते. मी ते टेबलावर मांडले आणि एक बाजूला काढला. "हा नको सर. हा नुसता बघितला तरी चोर वाटतो. बाकीच्यांवर अन्याय होईल. म्हणजे, आपल्या चोरावर."

"का वाटतो?"

"डोळे बघा ना. आणि तो उभा कसा राहिलाय बघा."

सरांनी फोटो हातात घेतला. बराच वेळ पाहिला. "माझा धाकटा भाऊ आहे," ते म्हणाले. "पोस्टात आहे."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. सर नायगावच्या चाळीत वाढलेले, हे मला माहीत होतं. पुढचं त्यांनी त्याच दिवशी सांगितलं, तेही फोटो पाकिटात घालता घालता. "गल्लीत कुणाचं काही हरवलं की लोक आधी याच्याकडे बघायचे. शाळेत असल्यापासून. तू काही पहिली नाहीस." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या माणसाचा संशय म्हणजे नुसता विक्षिप्तपणा नाही. हा माणूस लहानपणी दुसऱ्यांचा संशय बघत वाढला होता आणि मोठा झाल्यावर त्याने तो उलटा फिरवला होता, बोट दाखवणाऱ्यांकडे.

डेरिकने माझगाव, भायखळा घेतलं. मी लालबाग, काळाचौकी. आमचीच चाळ, आजूबाजूच्या चाळी. ओळखीतल्या घरी जायचं, टॅबवर फिल्म दाखवायची, पंधरा मिनिटं इकडचं तिकडचं बोलायचं, मग सहा फोटोंचं कार्ड पुढे ठेवायचं आणि उत्तर व लागलेला वेळ फॉर्मवर लिहायचा. लोक हौसेने बसत. आमच्याकडे घरी आलेल्या मुलीला नाही म्हणायची पद्धत नाही, आणि चहा न देता उठू द्यायचीही नाही.

पायलटचा अहवाल मान्य झाला की मोठा अभ्यास सुरू होणार होता आणि त्यात माझी तीन वर्षांची जागा धरलेली होती. हे मी घरी केव्हाच सांगून बसले होते. बाबांनी तर अख्ख्या मजल्याला सांगितलं होतं.

सगळे फॉर्म आले आणि सर आकडेमोडीला बसले. चार दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"तुझ्या भागातली माणसं फार हुशार आहेत," ते म्हणाले.

मी खूश झाले. लालबागचं कौतुक कुणीही केलेलं मला चालतं.

"डेरिकची माणसं भरपूर चुकलीयेत. तुझी जवळजवळ चुकतच नाहीत. का?"

"आमच्याकडे लोकांचं लक्ष असतं, सर. चाळीत कोण आलं, कोण गेलं, सगळ्यांना ठाऊक असतं."

"कशावरून?"

झालं. त्या दिवसापासून माझ्या मागे साडेसाती लागली. सर माझे फॉर्म भिंगाखाली धरून शाई बघायला लागले. एकाच बैठकीत भरलेत का, एकाच पेनाने भरलेत का. माझ्या पत्त्यांवर डेरिकला पाठवून, ती माणसं खरंच तिथे राहतात का याची चौकशी करवली. मला हे कळलं ते बाबांकडून. "तुझ्या ऑफिसातला कोण पोरगा आलेला, आपलं नाव विचारत होता. काही भानगड आहे का?" बाबांनी असं विचारल्यावर मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी मी डेरिकला गाठलं. माझी खात्री होती की यानेच सरांचे कान भरलेत, जागा एकच राहिली तर आपल्याला मिळावी म्हणून.

"अगं पागल आहेस का?" डेरिक म्हणाला. "मी सरांना बोललो, ती असलं काही करणार नाही. तर मलाच बोलतात, तू तिची बाजू का घेतोस? आता माझ्यावर पण डाऊट." त्याचं म्हणणं मला पटलं, पण पूर्ण नाही. सरांची लागण मलाही झाली होती.

पुढच्या आठवड्यात सरांनी मला पुन्हा बोलावलं. टेबलावर माझे सगळे फॉर्म पसरलेले. "फॉर्म तू बनवले नाहीस," ते म्हणाले. "माणसं खरी आहेत, उत्तरं खरी आहेत. हे मी तपासलं. पण हे बघ." त्यांनी वेळेच्या रकान्यावर पेन्सिल फिरवली. "ज्यांनी झटकन उत्तर दिलं ते सगळे बरोबर. सगळे. डेरिककडे कितीतरी लोक झटकन चुकलेत. चुकायला वेळ लागत नाही, माणसं पटकन चुकतात. तुझ्याकडे पटकन चुकलेला एकही माणूस नाही. ते लोक गेले कुठे?"

मी तो रकाना वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला.

"ते इथेच आहेत," सर म्हणाले. त्यांनी एक गठ्ठा पुढे सरकवला. "हे, ज्यांना खूप वेळ लागला आणि मग बरोबर आले. यांनी आधी काय उत्तर दिलं होतं?"

"काही नाही सर. विचार करत होते."

सगळ्यात वरचा फॉर्म आमच्याच मजल्यावरच्या मावशींचा होता. मालवणच्या. सख्ख्या नव्हेत, पण लहानपणापासून मी त्यांच्या घरात जेवलेय. मावशींना कधी कशाचं उत्तर द्यायला वेळ लागत नाही, प्रश्न संपायच्या आधी उत्तर तयार असतं. हे मीच केव्हातरी गमतीत सरांना सांगितलं होतं.

"आणि या बाईला चार मिनिटं लागली?" सर म्हणाले. "परत आठव. आधी तिने दुसरा कुठला फोटो दाखवला होता का?"

"नाही."

"परत आठव."

तीन दिवस हेच चाललं. सकाळी आले की, "आठवलं?" निघताना, "नीट आठव." मी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून सरांना शिव्या घालत असे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भारतमाता टॉकीजच्या सिग्नलला रस्ता ओलांडताना मला लख्ख आठवलं. मावशी खाटेवर बसल्यात. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून कार्डाकडे बघतायत. बोट टेकवतात, दोन नंबरवर. आणि मी म्हणतेय, "मावशी, परत एकदा बघता का?"

मी तिथेच दुभाजकावर उभी राहिले. खोटा फॉर्म मी भरला नव्हता. पण म्हातारं माणूस आपल्यासमोर चुकतंय आणि आपण दगडासारखं बसून ते लिहून घ्यायचं, हे मला जमलंच नव्हतं. आमच्या घरात तशी रीत नाही. कोणी ताटात चुकीचं वाढून घेतलं तरी आपण हळूच सांगतो. बरोबर बोट ठेवणाऱ्यांना मी "झालं हं" म्हणत असणार, आणि चुकणाऱ्यांना "परत बघता का". डेरिक चर्चमध्ये वाचन करावं तसा खाली मान घालून कागद वाचायचा, म्हणून त्याची माणसं मोकळेपणी चुकली.

सरांना मात्र मी काही बोलले नाही. बोलले असते तर माझे सगळे फॉर्म बाद. आणि सरांचा नियम होता, ज्याच्या हातून पायलट बिघडला तो मोठ्या अभ्यासात नाही. मी तीन वर्षांची जागा जिभेखाली धरून बसले.

चौथ्या दिवशी सर म्हणाले, "चल, तिलाच विचारू."

मावशी एकदम खूश. साहेब घरी आला म्हणून कांद्याची भजी काढली. सर कधी कोणाकडे काही खात नसत, त्या दिवशी मात्र खाल्ली, प्रत्येक भजं उलटून बघून. मग त्यांनी वही काढली. "मावशी, त्या दिवशी तुम्ही कुठला फोटो दाखवलात?"

"पाच नंबर. ह्योच तो मेलो. मी पयल्याच झटक्याक वळाखलंय."

"आधी दुसरा कुठला दाखवला नव्हता?"

"नाय! मी काय आंधळी आसंय? कोर्टात नेवा माका, थंय पण सांगतंय." आणि माझ्याकडे वळून, "सांग गो, तू हयसरच बसललंस मां?"

सर मावशींकडे बघत होते. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, पेनाला टोपण लावलं. "म्हणजे फॉर्म बरोबर आहे," ते मला म्हणाले. "माझंच चुकलं. उद्या अहवालावर सही करतो."

मी नुसती मान हलवायची होती. तीही हलवली नसती तरी चाललं असतं. पण मावशींचा तो चेहरा, ती खात्री मला बघवेना. ती खात्री मी त्यांच्या डोक्यात घातली होती आणि आता त्या तिच्यावर शपथ घ्यायला निघाल्या होत्या. समोर भाजीबाजारातला नाटकातला चोर होता म्हणून ठीक. खरा कोणी असता तर? पोस्टात काम करणारा कोणी?

"नाही मावशी," मी म्हटलं. "आधी तुम्ही दोन नंबरवर बोट ठेवलंत. मीच म्हटलं, परत बघा. मला स्पष्ट आठवतंय."

मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग सरांना म्हणाल्या, "खोटा बोलता ही. हिचा काय ऐकू नको, सायबा. माझा लिव."

सरांनी माझं लिहिलं.

माझे सगळे फॉर्म बाद झाले. मोठा अभ्यास पुढे मंजूर झाला, फोटो दाखवायला ज्यांना काहीच माहीत नाही अशी नवी माणसं घेतली, आणि सरांनी त्यांचा नियम माझ्यासाठी एक इंचही वाकवला नाही. मी आता लोअर परळला एका काचेच्या इमारतीत नोकरीला येणाऱ्यांच्या मुलाखती घेते. मावशी माझ्याशी वर्षभर बोलल्या नाहीत. मला वाईट वाटलं, पण आत कुठेतरी अभिमानही होता. आपण एकदा तरी खरं बोललो, आपलं नुकसान करून बोललो. हा अभिमान मी बरीच वर्षं जपून वापरला.

मावशींनी अबोला सोडला त्याला बरेच दिवस झाले. या दिवाळीत त्यांच्याकडे करंज्या भरायला बसले होते. त्यांचा चष्मा पिठाने माखला होता, मी तो पुसून दिला. म्हटलं, "किती जुना झालाय, बदला आता." तर म्हणाल्या, "सरकारी शिबिरात मिळाल्लो. माझो पयलोच. तू तां चोराचा घेवन इल्लंस, त्याच्या नंतर म्हयन्याभरान."

मी हातातली करंजी खाली ठेवली. म्हणजे मी फोटो दाखवले तेव्हा मावशींकडे चष्माच नव्हता. माझ्या आठवणीत मावशी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून बघत होत्या. बोट, दोन नंबर, माझं ते वाक्य, सगळं त्या चष्म्यासकट होतं. चष्मा काढून ते चित्र बघायला गेले तर काहीच उरेना.

सर निवृत्त होऊन आता कल्याणला असतात. मी फोन लावला आणि सगळं सांगितलं. चष्म्याचंही सांगितलं.

"मावशीला मी 'परत बघा' म्हटलं असेल तर एकदा म्हटलं असेन, सर," मी म्हटलं. "तुम्ही मला तीन दिवस 'परत आठव' म्हणत होता."

"हो," सर म्हणाले. "म्हणत होतो."

"तुम्हाला तेव्हा शंका नाही आली?"

"तुझ्यावर आली, डेरिकवर आली, त्या बाईवर आली," ते म्हणाले. "पण स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊन कोणी चुकीचं आठवेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही." मग त्यांनी मला माफ कर म्हटलं. त्यांच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकला नव्हता आणि मला तो ऐकवेना.

"सर, ठेवलंही असेल मावशींनी दोनवर बोट," मी घाईघाईने म्हटलं. "वेळेचा रकाना तर खराच होता ना."

"असेलही," सर म्हणाले.

आता ते सांगू शकतील अशा एकट्या मावशीच उरल्या होत्या, आणि त्यांना पाच नंबरची पक्की खात्री होती.